अळणी चातुर्मास

सांगली,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,
जय जिनेंद्र.

आधी चूक दुरुस्त करते. गुरुवारी साताऱ्याहून निघताना तुझ्या उशाशी जो कागद ठेवून आले, त्यात तुझं वजन अठ्ठेचाळीस किलो लिहिलंय. ते बरोबर नाही. अठ्ठेचाळीस हे दुसऱ्या केमोच्या दिवशीचं, २३ जुलैचं. या बुधवारी, तिसऱ्या केमोआधी, काट्यावर चव्वेचाळीस किलो आठशे ग्रॅम आलं होतं. माझ्या वहीत दोन आकडे एकाखाली एक आहेत आणि उतरवून घेताना माझी नजर वरच्या ओळीवर गेली. कागदावरचा आकडा खोडू नकोस. त्याच्या वर बरोबर आकडा लिही, तू मला शिकवलंस तसं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी चार ओळींतच पत्र संपवलं असतं. पण घरी आल्यावर तेच सगळं मी अण्णांनाही वाचून दाखवलं. अण्णा आईला म्हणाले, "बघ, विजा एकदाच जेवती, ते बी अळणी, आन् तरी वजन जागच्या जागी. नियमाची ताकद असती ती." शुक्रवारी त्यांनी ते मंदिरात सांगितलं. आता मी त्यांना खरा आकडा सांगायला गेले, तर ते स्नानाला गेलेले, मग शेतावर, मग पाहुणे. दोन दिवस झाले. अजून सांगितलेला नाही. हीसुद्धा चूकच, म्हणून इथेच लिहिते.

दिवसभर मी कुपवाडच्या वर्कशॉपात पंपात बसवायच्या धातूच्या कड्या, बुश, मोजते. केसाइतका फरक आला तरी माल बाजूला काढते. आणि तुझ्या अंगावरचे तीन किलो माझ्या हातून असे निसटले.

डॉक्टरांनी बुधवारी विचारलं होतं, "खाणं कसं आहे?" तू मास्क लावून बसली होतीस, तुझ्या आधी मीच उत्तर दिलं. म्हटलं, चातुर्मासाचा नियम आहे, मीठ-तिखट सोडलंय, दिवसातून एकदाच जेवायला बसते. त्यांनी भुवया वर केल्या, तुझं तोंड टॉर्चने बघितलं, "तोंड तर चांगलं आहे," म्हणाले आणि डाळ वाढवा, एवढं लिहून दिलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, वजनाचा आकडा बघून त्यांनी मला आणखी काही विचारावं अशी संधीच मी ठेवली नाही.

आत्या, नियमात औषधापुरती सूट घेता येते ना? मला विचारायचीही भीती वाटते. उपवास करणाऱ्याला "खा" म्हणणं हे पाप, हे मी तुझ्याकडूनच ऐकलंय. पण दुपारी एकदा अळणी पेज आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही, याने अंगात काय राहणार?

आणखी एक. चातुर्मासाला अजून दोन महिने असले तरी, दशलक्षण पर्व संपलं की ७ सप्टेंबरला, रविवारी, तुझं पारणं करायचं असं अण्णांनी ठरवलंय. म्हणाले, "आजारपणात असा नियम पाळणारी आपल्या भावकीत कोण झाली न्हाई." मोठ्या गाडीने तीसेक माणसं साताऱ्याला येणार. प्रत्येकाने एक एक चमचा भरवायचा. मला वाटतं तुला आवडेल. की नाही आवडणार?

फोन करत नाही. बोललं की तुला थकवा येतो आणि मोबाइलकडे बघितलं की मळमळतं, हे माहीत आहे. आमच्या वर्कशॉपचा टेम्पो सोमवारी आणि गुरुवारी शिरवळच्या कंपनीला माल घेऊन जातो. ड्रायव्हर अर्जुना जाताना तुझ्या गल्लीत थांबून पत्र देईल आणि संध्याकाळी परत येताना तुझं असेल तर घेईल. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी,
ब्राह्मी


सातारा,
बुधवार, २० ऑगस्ट

प्रिय ब्राह्मी,

अक्षर मोठं आलंय, हसू नकोस. बोटांच्या टोकांना मुंग्या असतात. पेन धरलंय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. पहिलीतल्या पोरांना मी वर्षानुवर्षं "रेघेवर लिहा" म्हणत आले. आता माझंच रेघेवर येत नाही.

आकडा दुरुस्त केला. तू एवढी घाबरू नकोस. पाऊस आहे, हालचाल नाही, माणूस वाळतोच. दादाला, तुझ्या अण्णांना, नवा आकडा सांगू नकोस. तो लगेच कुणाचा तरी काढा घेऊन येईल आणि समोर बसेल.

नियमाचं म्हणशील तर ते माझ्यावर सोड. नियम मोडायला कुणाला सांगू नये, हे मी तुला शिकवलं ते बरोबरच शिकवलं. मला त्रास नाही. उलट अळणी पोटाला हलकं पडतं.

पारण्याला इतकी माणसं कशाला? दादाला म्हणावं, दोघं तिघं या. घर लहान आहे. नाही म्हटलं तर तो रुसेल हे मला माहीत आहे, म्हणून तू हळूच सांग.

केस आता संपले. उशीवरून गोळा करायचं काम संपलं हे बरं झालं. अर्जुना पत्र द्यायला आला तेव्हा मी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. तो बिचारा खाली बघत उभा राहिला. मी म्हटलं, "अर्जुना, वर बघ रं. तुझं टक्कल आणि माझं टक्कल, आता आपला न्हावी एकच." तेव्हा कुठे हसला. म्हणाला, "आवं बाई, माझ्या डोस्क्यावर न्हाव्याला काम न्हाई, तुमच्या तर महिन्यात केस येतील, माझे कुठले येत्यात?"

तीन तारखेच्या केमोचं बघू. अजून दिवस आहेत.

थांबते. बसून लिहिलं की पाठीतली हाडं दुखतात. पांढऱ्या पेशी वाढायला पोटात देतात त्या इंजेक्शनने असं होतं म्हणे.

तुझी,
विजाआत्या


(पाकिटात घडी करून ठेवलेली चिठ्ठी, दुसऱ्या अक्षरात)

ब्राह्मी पोरी,

मी शेजारची साळूबाई. सातवी शिकलेली हाय, चुकलं माकलं सांभाळून घे. बाईंनी पाकीट बंद करायला माझ्याकडं दिलं तवा ही चिठ्ठी घातली. त्यांना सांगू नगंस.

तुमच्या घरचे म्हणत्यात बाईंनी नियम धरलाय. पोरी, नियम न्हाई त्यो. त्यांना खाता येत न्हाई. तोंडात आतून सगळं सोललंय. गालाला, जिभंला पांढरे चट्टे. कालवलेला भात बोटानं मागं सारत्यात. पाणी पितानाबी डोळ्यातनं पाणी येतंय. काल पेजंचं भांडं मी बघितलं, निम्मी पेज मोरीत. मी म्हणलं, बाई, पोरीला सांगा. तर म्हणल्या, साळू, तू माझी शप्पथ घे. मी शप्पथ घेतली न्हाई. म्हणून लिवते.

परवा म्हणल्या, मी आता चौथं औषध घेणार न्हाई. त्या दिवशी ताप आलाय म्हणून सांगीन, मग ते पुढं ढकलतील, मग मी जाणारच न्हाई. असं बोलल्या.

माझा ल्योक मिल्ट्रीत हाय, त्याला मी रोज खोटं सांगते की मी बरी हाय. पण माझं खोटं येगळं. त्यानं कुणाचा जीव जात न्हाई.

लवकर कायतरी कर.

साळूबाई


सांगली,
रविवार, २४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली. एकात मी फार रागावले होते, दुसऱ्यात रडत होते.

मी तुला तीन प्रश्न विचारते. तू खरं लिही.

तुझं तोंड आलंय का? तू नियम घेतलायस, की तुला गिळता येत नाही म्हणून नियम म्हणतेस? आणि ३ सप्टेंबरला तू दवाखान्यात येणार आहेस की नाही?

मला हे कुणी सांगितलं ते मी लिहिणार नाही. कुणी सांगितलंच नाही असंही लिहिणार नाही.

गुरुवारी रात्रीपासून मी वही उलटसुलट वाचते आहे. त्यात मी सगळं लिहून ठेवलंय. "१४ जुलै : आत्याने मीठ सोडल्याचं अण्णांनी साताऱ्याहून फोनवर सांगितलं." "२२ जुलै : आत्या बरी. थोडं जेवली. मास्क काढत नाही, संसर्ग नको म्हणून." "१२ ऑगस्ट : आत्याने एकाशन धरलं, दिवसातून एकदाच जेवण. डाव्या हाताची शीर काळी पडली आहे." एक ओळ तुझ्या नियमाची, एक ओळ औषधाच्या परिणामांची. दोन्ही शेजारी शेजारी आणि मला एकदाही त्या एकत्र वाचाव्याशा वाटल्या नाहीत. तुझ्यासारखी व्यक्ती चातुर्मासात मीठ सोडते, यात आम्हाला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. शेजारच्या कुठल्याही घरात असं झालं असतं तर त्यांनी पहिल्या दिवशी तोंड उघडून बघितलं असतं.

आणि हे सगळीकडे पसरवणारीही मीच. अण्णांना दर खेपेला वहीतून वाचून दाखवते. माझं अक्षर चांगलं, तारखा बरोबर, म्हणून त्यांनी माझं वाक्य न वाक्य मंदिरात नेलं. परवा एक आजी मला थांबवून म्हणाल्या, "तुज्या आत्तीचं नाव घेऊन मी बी यंदा गूळ सोडला बघ. ती औषधाची बाई मीठ सोडती, मला गूळ सुटंना?" मी त्यांना वाकून नमस्कार केला. काय करणार होते?

काल अण्णांना खरं वजन सांगितलं. चव्वेचाळीस आठशे. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मला वाटलं, आता त्यांना काळजी वाटेल. मग म्हणाले, "तपात अंग जातंच. आत्मा जड हुतो का हलका, ते वजनकाट्यावर दिसत न्हाई." असं म्हणून उठून गेले, पण मी बघितलं, देवघरासमोर उभे राहून ते पंच्याने डोळे पुसत होते. तुझ्यावर त्यांना कळतं तसं ते प्रेम करतात. त्यांना कळतं ते चुकीचं आहे, हा त्यांचा दोष आहे का, मला ठरवता येत नाही.

मला एका गोष्टीची सगळ्यात भीती वाटते, ती लिहूनच टाकते. खाता येत नाही असं आहे, की खायचं नाही असं आहे? पहिलं असेल तर त्यावर औषध असेल. दुसरं असेल तर मला माहीत नाही मी काय करू. घरात कुणीतरी हळू आवाजात "ती तयारीला लागली असंल" असंही म्हटलं, म्हणजे सल्लेखनेच्या, अन्नपाणी सोडून देह ठेवायच्या, आणि ते आदराने म्हटलं. मी तिथून उठून गेले.

मी थकले आहे आत्या. तू किती थकली असशील ते मला माहीत नाही म्हणून माझं लिहायला लाज वाटते. पण तू मला खरं सांग, एवढंच मागते.

ब्राह्मी


सातारा,
बुधवार, २७ ऑगस्ट

प्रिय ब्राह्मी,

साळूबाई आज सकाळपासून माझ्याकडे बघत नाही. त्यावरून तुला कुणी सांगितलं ते कळलं. तिला काही बोलणार नाही. तिने शपथ घेतली नव्हती.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

हो, तोंड येतं. तू जेव्हा इथे असतेस तेव्हा नसतं. केमोच्या आदल्या दिवशी तू येतेस, दुसऱ्या दिवशी जातेस, ते माझे बरे दिवस. डॉक्टरही तेव्हाच बघतात. खरं सुरू होतं पाचव्या दिवशी. आधी जीभ जड होते, मग हिरड्या, मग गालाच्या आतून साल निघते. दहा दिवस राहतं. मग हळूहळू भरतं आणि भरलं की पुढची केमो. स्टीलचा चमचा तोंडात घातला की गंजलेला खिळा चाखल्यासारखं वाटतं. पाणीसुद्धा पाण्यासारखं लागत नाही. मला एक दिवस नुसतं पाणी पाण्यासारखं लागायला हवंय. बाकी काही नको.

नियम मी घेतलेला नाही. नियम घ्यायचा तर कुणासमोर तरी हात जोडून घ्यावा लागतो. मी कुणासमोर जोडले नाहीत.

कसं झालं ते सांगते. पहिल्या केमोनंतरचा दुसरा आठवडा होता. दादा सांगलीहून डबा घेऊन आला. शेंगांची पोळी, कटाची आमटी, वर लोणी. आईच्या हातची चव वहिनीने आणलीय म्हणाला. समोर मांडी घालून बसला. "खा, विजा. एक घास. माझ्यासाठी. आता दुसरा." फोडणीच्या वासानेच मला भडभडून आलं होतं. तोंड उघडून दाखवलं असतं तर तो रडला असता. तो रडला की मला त्याला धरावं लागतं. माझ्यात कुणाला धरायची ताकद नव्हती. तोंडातून निघून गेलं, "दादा, मी चातुर्मासाला मीठ-तिखट सोडलंय."

त्याने लगेच ताट बाजूला केलं आणि हात जोडले. मला म्हणाला, "धन्य हायस."

ब्राह्मी, या आजारात पहिल्यांदा मला कुणी "खा" म्हणालं नाही. आजारी माणसाच्या ताटात सगळं गाव डोकावतं. किती खाल्लं, किती टाकलं, आणखी एक घास. उपवासवाल्याच्या ताटाकडे कुणी बघत नाही. मला तेवढी शांतता हवी होती. मग एकाशन म्हटलं, म्हणजे संध्याकाळीही कुणी विचारायचं नाही. आता उद्यापासून दशलक्षण. त्यात आणखी काय सोडलं म्हणून सांगायचं, हेच मी विचार करत बसले होते. खोट्याला रोज नवीन काहीतरी खायला घालावं लागतं, मी उपाशी असले तरी.

तू भितेस ते तसं नाही. मी तयारीला लागलेली नाही. त्या वाटेने जाणारी माणसं शांत असतात. मी शांत नाही, नुसती थकले आहे. झोपून जात नाही असा थकवा असतो तो. सकाळी उठते तेव्हा आदल्या रात्रीपेक्षा जास्त दमलेली असते. नळाखालचा तांब्या उचलायला दोन हात लागतात. दवाखान्याचा रस्ता लागला की अजून सुई लागायची असते आणि पोटातून उलटी वर येते. तीन झाल्या. आणखी तीन. मला नाही जमणार असं वाटतं. तीन तारखेला ताप आलाय असं सांगणार होते, हेही खरं आहे.

आता माझं ऐक. दादाला सांगू नकोस. सात तारखेला पारणं होऊ दे. तीस काय, चाळीस येऊ देत. मी दोन चमचे कसेतरी गिळीन. मग नियम संपला म्हणेन आणि जमेल तसं खायला लागेन. कुणाला काही कळायचं कारण नाही. मंदिरात त्याने माझं नाव घेतलंय. लोकांनी माझ्या नावाने गूळ सोडलाय. बहिणीने नियमाचं खोटं सांगितलं हे ऐकून त्याची मान खाली जाईल. मला केमो सहन होत नाही, हे सांगायची लाज वाटत नाही. हे सांगायची वाटते.

तू लहान होतीस तेव्हा मळ्यातल्या घरात दमा घेऊन बसायचीस, शाळेत जाता यायचं नाही, म्हणून मी तुला घरी शिकवलं. तेव्हापासून तू माझं सगळं ऐकलंस. हेही ऐक.

तुझी,
आत्या


सांगली,
शुक्रवार, २९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल संध्याकाळी अर्जुनाने दिलं. वर्कशॉपच्या गेटवरच उभी राहून वाचलं. तो टेम्पोचं मागचं फाळकं लावत होता. मला म्हणाला, "ताई, घरी जाऊन वाचा की. हितं सगळी गाड्या काढाय लागल्यात, कोण तरी धडकंल." मग काही न विचारता माझी स्कूटी त्याने कडेला लावली आणि मी वाचून होईपर्यंत तिथेच विडी ओढत थांबला.

आज सकाळी मी दवाखान्यात फोन केला. तुला न विचारता केला. तिथल्या सिस्टरना तुझं नाव सांगितलं आणि सगळं सांगितलं : पाचव्या दिवसापासून तोंड सोलतं, गिळता येत नाही, तीन आठवड्यांत तीन किलो गेले, आणि बाहेरून आम्ही ते उपवासाचं म्हणून सांगत होतो. त्यांनी आधी तुझी फाइल काढली. मग म्हणाल्या, "अहो, हे होतंच कितीजणींना. पण सांगितल्याशिवाय आम्हाला कसं कळणार? केमोच्या दिवशी तोंड बरं असतं." यावर तोंडाला लावायचं बधिर करणारं औषध असतं. चुळा भरायचं पाणी असतं. गिळताच येत नसेल तर सलाइन देतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, आठवडाभर पुढेही नेता येतं. त्या म्हणाल्या, "मंगळवारी रक्ताला आणा तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगा. थांबवायचं की नाही हे त्यानंतर बोलू, त्याच्या आधी नाही." हे सगळं माझ्या वहीत लिहिलंय. पण ती वही मी आता अण्णांना वाचून दाखवणार नाही. त्यातलं त्यांना तोंडाने सांगणार आहे.

पारण्याबद्दलही विचारलं. चौथी केमो वेळेवर झाली तर सात तारीख हा तुझा पाचवा दिवस. त्या वेळी पांढऱ्या पेशी कमी व्हायला लागतात. तीस माणसं एका खोलीत आणि प्रत्येकाच्या हातचा चमचा तुझ्या तोंडात, हे ऐकून सिस्टर मला ओरडल्या. मला ते बरं वाटलं. एवढ्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा ओरडलं.

आत्या, तू लिहिलंस, मी तुझं सगळं ऐकलं. हे ऐकता येणार नाही. काल रात्रभर मी विचार केला. तुझं गुपित न सांगणं हे माझं कर्तव्य आहे का, हे मला समजत नव्हतं. कुणाचा नियम उघड करून त्याची मान खाली घालायची नाही, हे मला मान्य आहे. पण हा नियम नाही. तू नियमाची म्हणून जी गोष्ट झाकून ठेवलीस ती तोंडातली जखम आहे, आणि जखम झाकून ठेवली की काय होतं ते आपण दोघींनी मळ्यावर गुरांच्या पायांना बघितलंय.

तू म्हणशील, दवाखान्यात सांग पण दादाला कशाला. त्यावरही मी विचार केला. अण्णांना कळलं नाही, तर तुला त्यांच्यासमोर अळणीच खावं लागेल. पुढच्या वेळी तोंड आलं की पुन्हा काहीतरी सोडावं लागेल. शिवाय तुला केमो थांबवायची असेल तर ती थांबव. तुझं शरीर आहे, मी तुला ओढत नेणार नाही. पण "ताप आला" म्हणून थांबवू नकोस. "माझ्याने होत नाही" असं डॉक्टरांसमोर म्हण, अण्णांसमोर म्हण, आणि मग ते काय सांगतात ते ऐकून ठरव. त्या दिवशी मी तुझ्या बाजूला बसलेली असेन, तू काहीही ठरवलंस तरी.

अण्णा रडतील, हे खरं. रडू देत. त्यांना धरायला मी आहे, आई आहे. ते तुझं काम नाही. मंदिरात नाव घेतलंय, तर ते परत जाऊन काय सांगायचं ते ठरवतील. कदाचित काही सांगणार नाहीत. गूळ सोडलेल्या आजींना मी स्वतः भेटेन.

एक लबाडी मी करते आहे, ती लिहून ठेवते. हे पत्र सोमवारच्या टेम्पोने येईल, म्हणजे तुला मिळेल तेव्हा अण्णांना सांगून झालेलं असेल. मला तुला आधी फोन करता आला असता. केला नाही. तू "नको" म्हणाली असतीस आणि त्या एका शब्दानंतर मला धीर झाला नसता, म्हणून. सोमवारी टेम्पोत अर्जुनाच्या शेजारी मीही असेन, मंगळवारी तुझ्याबरोबर दवाखान्यात असेन. मला रागावायचं असेल तर तेव्हा समोर रागाव. चार दिवसांची रजा टाकली आहे. मालकांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, घरात आजारी माणूस आहे. उपवास म्हटलं नाही.

साळूबाईंना माझा नमस्कार सांग. यापुढे त्यांनी तुला जे द्यायचं ते थंड करून द्यावं. ताक नको, पातळ मुगाचं पाणी, स्टीलऐवजी प्लॅस्टिकच्या चमच्याने. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. संध्याकाळीसुद्धा.

अण्णांना मी परवा सांगणार आहे, रविवारी, ३१ ऑगस्टला, सकाळी साडेसहाला, ते अभिषेकाला निघायच्या आधी.

तुझी,
ब्राह्मी